चांदणी सरावाला, बोलण्याला नको

स्पीच थेरपी सुरू झाली की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आईवडिलांकडून एक प्रश्न हमखास येतो: "मॅडम, घरी चार्ट लावू का?" चार्ट म्हणजे चौकोनांचा तक्ता. वर मुलाचं नाव, डावीकडे वार, आणि नीट बोलल्याबद्दल रोज एक चकचकीत चांदणी. दहा चांदण्या झाल्या की चॉकलेट, पंचवीस झाल्या की खेळण्यातली गाडी. तक्ता इंटरनेटवरून छापून घेता येतो, चांदण्यांचं पाकीट कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, आणि बालवाडीतल्या बाईही वहीवर स्टार देतातच. त्यामुळे "हो, लावा" हे उत्तर फार सोपं झालंय. चांदणी नेमकी कशाबद्दल द्यायची, हे मात्र विचारायचंच राहून जातं.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. जिभेला नवी हालचाल शिकवण्यासाठी जो कंटाळवाणा सराव करावा लागतो, त्याला काही काळ बक्षीस द्यायला हरकत नाही. बोलण्याला, म्हणजे काही सांगण्याला, मागण्याला, विचारण्याला, नाही म्हणण्याला, बक्षीस देऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच तोंडातून येतात म्हणून एकच वाटतात. पण एक व्यायाम आहे आणि दुसरं माणसाचं माणसाशी असलेलं नातं. "आज स्पष्ट बोलला का?" असा रकाना असलेल्या तक्त्यात या दोन्हींची गल्लत होते, आणि घराघरांत लागलेले बहुतेक तक्ते याच प्रकारचे असतात.

आधी सरावाबद्दल. साडेचार वर्षांचा एखादा मुलगा 'क'च्या जागी 'त' म्हणतो असं धरू. काका 'ताता', कावळा 'तावळा', आणि 'ग'च्या जागी 'द' म्हणून गायीची 'दाय'. घरच्यांना ते कळतं, आजीला तर गोडच वाटतं. पण बालवाडीत बाईंना कळत नाही आणि शेजारची मुलं हसायला लागतात. 'त' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांना टेकतं. 'क' म्हणायला ते टोक खाली पडून राहायला हवं आणि जिभेचा मागचा भाग उचलून मऊ टाळूला भिडायला हवा. हे मुलाला समजावून सांगता येत नाही. मग आरसा समोर ठेवायचा, तोंड उघडं ठेवायला सांगायचं आणि जिभेचं टोक पट्टीने हलकेच दाबून धरायचं. कधी मुलाला सतरंजीवर उताणं झोपवायचं, म्हणजे जीभ आपोआप मागे सरकते. कधी गुळणी करताना घशात होणाऱ्या आवाजापासून सुरुवात करायची. असं करता करता कधीतरी एक पुसटसा 'क' निघतो. खरं काम तिथून पुढे आहे. आधी सुटा 'क', मग का, की, कू, मग कान आणि काम, मग शेवटी 'क' येणारं नाक, मग मधे 'क' असलेलं माकड, मग दोन शब्द, मग वाक्य. प्रत्येक पायरीवर तोच आवाज पुन्हा पुन्हा काढायचा, कारण जुनी सवय मोडायला आणि नवी बसायला दुसरा मार्ग नाही.

मुलाच्या दृष्टीने हा सराव निरर्थक असतो, हे मान्य करायला हवं. "का, का, का" म्हणून त्याला पाणी मिळत नाही, गोष्ट ऐकायला मिळत नाही, कुणी त्याच्या म्हणण्याकडे लक्ष दिलं असंही होत नाही. आणि हे उच्चार थोडेथोडके लागत नाहीत. २०११ साली अमेरिकेत, मेंदूकडून तोंडाच्या स्नायूंना हालचालींची आखणी नीट न पोचणाऱ्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. मुलं दोनच होती, पण मांडणी नेटकी होती. काही आवाजांसाठी प्रत्येक बैठकीत शंभरावर उच्चार करून घेतले, काहींसाठी तीस-चाळीस. ज्या आवाजांचा सराव जास्त झाला ते लवकर आणि पक्के बसले. इतके उच्चार करून घ्यायचे तर मधाचं बोट लावावंच लागतं, आणि चांदणी हे स्वस्तातलं, दात न किडवणारं मधाचं बोट आहे. इथे मला चांदणीबद्दल काडीचाही आक्षेप नाही.

पण इथेसुद्धा ती कशी द्यायची यावर बरंच अवलंबून असतं. पाकिटातली कोणती चांदणी, लाल की सोनेरी, कुठल्या चौकोनात, सरळ की तिरकी, हे ठरवण्यात चार वर्षांचं मूल आरामात दोन मिनिटं घालवतं. अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये असं पाच वेळा झालं की दहा मिनिटं गेली, आणि त्या दहा मिनिटांत कितीतरी 'क' झाले असते. म्हणून सेशनमध्ये चिकटवाचिकटवी नकोच. दर दहा उच्चारांनंतर बरणीत एक मणी टाकावा, टण्ण आवाज व्हावा, पुढचे दहा सुरू.

दुसरं असं की मणी मेहनतीचा असावा, अचूकतेचा नाही. सुरुवातीला दहापैकी दोनच 'क' बरोबर येणार असतील आणि फक्त बरोबर आलेल्यांना मणी असेल, तर ज्या मुलाला सर्वांत अवघड जातंय त्याचीच बरणी रिकामी राहते. दहा वेळा प्रयत्न केला, मणी मिळाला, एवढंच. बरोबर आलं की चुकलं हे शब्दांत सांगावं, आणि ते शब्द नेमके असावेत. "शाब्बास" म्हटलं की समोरची बाई खूश झाली एवढं मुलाला कळतं, जिभेनं काय केलं हे कळत नाही. "आत्ता जिभेचं टोक खाली राहिलं, ऐकलंस?" यातून कळतं. थोडं जमायला लागलं की आपणही न सांगता विचारावं, "हा कसा आला?" मूल क्षणभर थांबतं, स्वतःचाच आवाज मनात पुन्हा ऐकतं आणि म्हणतं, "तुकला." 'चुकला'ला 'तुकला' म्हणालं तरी हरकत नाही, 'च'ची पाळी अजून यायची आहे, पण आपला 'क' चुकला हे त्याचं त्याला ऐकू आलं. ते आलं की थेरपीचा अर्धा रस्ता संपला असं मी समजते. चांदणीमुळे हे कान तयार होत नाहीत. उलट चांदणी देणारं माणूस शेजारी असेपर्यंत बरोबर-चुकीचा निवाडा त्याच माणसाकडे राहतो.

आता याच मुलाबरोबर एक वेगळा खेळ खेळू. टेबलावर एक खेळण्यातली कार आहे आणि तांब्याच्या तारेचा एक तुकडा आहे. मुलानं मागायचं, मी द्यायचं. त्याला कार हवी असते, तो म्हणतो "तार", आणि मी तार पुढे करते. तो मान हलवतो, पुन्हा "तार" म्हणतो, मी पुन्हा तीच तार दाखवते. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ उमटतो, मग थोडा राग, मग तो एकदम गप्प होतो. जीभ तोंडात काहीतरी शोधायला लागते. आणि मग घशातून ओढून आणल्यासारखा "क्कार" येतो. कार त्याच्या हातात जाते. या क्षणी मी जर म्हटलं, "वा! घे चांदणी," तर मी त्याच्या हातातली खरी गोष्ट काढून खोटी दिली असं होईल. त्याला आत्ता कळलंय की आवाज बदलला तर अर्थ बदलतो आणि अर्थ बदलला तर जग बदलतं. भाषा म्हणजे दुसरं काय असतं? या ज्ञानाचा मोबदला कार हाच आहे. चांदणीला तिथे जागाच नाही. या खेळातही मुलाला रडकुंडीला आणेपर्यंत तार दाखवायची नसते; दोनदा चुकलं की आपण स्वतः "कार हवी का, कार?" म्हणून ती देऊन टाकायची.

सराव आणि बोलणं यांतला फरक मी म्हणते तो असा टेबलावर दिसतो. सरावात मुलाला काही म्हणायचं नसतं, म्हणून बाहेरून काहीतरी द्यावं लागतं. बोलण्यात त्याला काही म्हणायचं असतं, आणि ते समोरच्याला कळणं हीच त्याची कमाई असते.

मूल भाषा शिकतं तेही चांदण्यांशिवायच. बी. एफ. स्किनर यांनी १९५७ साली मांडलं होतं की इतर वर्तनासारखं बोलणंही शाबासकी आणि मोबदल्यातून घडत जातं. दोनच वर्षांनी नोम चॉम्स्की यांनी त्या पुस्तकाचं जे परीक्षण लिहिलं, ते मूळ पुस्तकाइतकंच गाजलं. पण मला त्या वादापेक्षा १९७० सालचं एक साधं निरीक्षण मोलाचं वाटतं. हार्वर्डच्या रॉजर ब्राउन आणि कॅमिल हॅनलन यांनी लहान मुलांच्या घरातल्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. आईवडील मुलाच्या बोलण्याला दाद देतात ती व्याकरण बरोबर आहे म्हणून नाही, तर सांगितलेली गोष्ट खरी आहे म्हणून, असं त्यांना आढळलं. आपल्या घरातही तेच चालतं. मूल खिडकीतून बघून म्हणतं, "गाय आला," आणि आई म्हणते, "हो रे, आली गाय!" तेच मूल अगदी शुद्ध व्याकरणात "म्हैस आली" म्हणालं तर आई म्हणते, "म्हैस नाही, गाय आहे ती." चुकीच्या वाक्याला होकार, बरोबर वाक्याला नकार. तरीही ते मूल दोन-तीन वर्षांत 'गाय आली' म्हणायला लागतं, कारण आई त्याचं वाक्य सहज सुधारून परत देत असते आणि ते देताना बोलणं गायीबद्दलच राहतं. तक्ता लावणाऱ्या घरात हेच बदलतं. मूल गायीबद्दल सांगत असतं आणि घर त्याच्या 'ग'बद्दल ऐकत असतं.

बक्षिसाचा सर्वांत कडक प्रयोग स्वमग्न मुलांवर झाला. लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांनी १९६०च्या दशकात न बोलणाऱ्या मुलांना आवाजागणिक खाऊचा घास देऊन बोलायला शिकवण्याची पद्धत बसवली. त्यात शिक्षाही होत्या, आणि त्यांच्याबद्दल आज कुणी चांगलं बोलत नाही. मुलं शब्द शिकली, पण ते शब्द त्या खोलीबाहेर, त्या घासाशिवाय फारसे टिकत नाहीत, ही अडचण पुन्हा पुन्हा समोर आली. १९८७ साली रॉबर्ट आणि लिन कोगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परंपरेतून बाहेर पडणारी एक पद्धत मांडली. मुलाला ज्या वस्तूत रस आहे तिच्याबद्दलच बोलायचं, त्यानं प्रयत्न केला की तीच वस्तू द्यायची. 'चेंडू' म्हटल्यावर बिस्किटाचा तुकडा नाही, चेंडू. इतका साधा बदल, पण त्यामुळे शब्द आणि जग यांची गाठ पुन्हा बसली.

याचा उलटा अर्थ लावणारेही भेटतात. "आधी पाणी म्हण, मगच देते," असं म्हणत पेला वर धरून उभं राहणं हा काही नैसर्गिक मोबदला नव्हे. तहानलेल्या मुलानं बोट दाखवलं, आईकडे बघितलं, "आ" केलं, म्हणजे त्यानं मागितलं. तेव्हा पाणी द्यावं आणि देता देता "पाणी, पाणी हवंय" म्हणावं. शब्द आला तर उत्तम, नाही आला तरी मागणं पोचलं हे त्याला कळायला हवं. पाणी रोखून धरलं की मूल शब्द शिकण्याआधी एक गोष्ट शिकतं, की माझं म्हणणं या माणसाला कळलंय आणि तरीही हे माणूस ते मानत नाही.

बक्षिसानं मुळातली आवड मरते का, यावर मानसशास्त्रात गेली पन्नास वर्षं वाद चालू आहे. त्यातला जो प्रयोग सगळ्यांना ठाऊक असतो तो १९७३ सालचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी, रंगीत स्केचपेननं चित्रं काढायची मुळातच हौस असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ त्यांच्याकडे वळली. २००८ साली लाइपझिगमध्ये फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी वीस महिन्यांच्या बाळांमध्ये असंच काहीसं पाहिलं. पडलेली वस्तू उचलून देणाऱ्या बाळांना खेळणं दिलं तर पुढे त्यांची मदत कमी झाली. ज्यांचं नुसतं तोंडी कौतुक केलं किंवा ज्यांना काहीच दिलं नाही, ती मदत करत राहिली.

बक्षिसाच्या बाजूचे अभ्यासकही कच्चे नाहीत. १९९४ साली ज्यूडी कॅमेरॉन आणि डेव्हिड पिअर्स यांनी आधीचे अनेक प्रयोग एकत्र तपासून म्हटलं की घबराट उगाच आहे, तोट्याची व्याप्ती फार लहान आहे. १९९९ साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी १२८ अभ्यासांचा हिशेब मांडून त्यांना उत्तर दिलं. मला यात कोण जिंकलं यापेक्षा दोन्ही बाजू कुठे सहमत झाल्या ते महत्त्वाचं वाटतं. ज्या कामात मुळातच रस नाही, त्याला बक्षीस दिल्यानं आवड कमी झाल्याचं दिसत नाही. मारायला आवडच नसते. आणि कौतुकाचे शब्द वस्तूसारखे घातक ठरत नाहीत. तोटा होतो तो मुळात आवडणाऱ्या गोष्टीला, आधी कबूल करून, हातात वस्तू दिल्यानं. आणि डेसी यांच्या हिशेबात तो महाविद्यालयातल्या मुलांपेक्षा लहानग्यांमध्ये जास्त दिसला. 'का, का, का' हे पहिल्या प्रकारचं काम आहे. बाबा घरी आल्यावर दारात धावत जाऊन "आज वाघ आला होता" असं काहीतरी सांगणं हे दुसऱ्या प्रकारचं. एकाच तक्त्यात दोन्ही बसवले की पहिल्याचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा एकाच वेळी पदरात पडतो, आणि चांदण्या मोजणाऱ्याला फक्त फायदा दिसतो.

आपल्या मातीत हा विचार नवा नाही. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सॅन लोरेन्झो वस्तीत १९०७ साली बालगृह सुरू केलं, त्यातला एक प्रसंग त्यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलाला हुशारीबद्दल पदक घातलं होतं, दुसऱ्याला शिक्षा म्हणून खुर्चीत नुसतं बसवलं होतं. पदकवाला आपल्या कामात दंग, त्याचं पदक पडलेलं त्याला समजलंही नाही. शिक्षा झालेल्यानं ते उचलून दिलं तर तो म्हणाला, मला नको, तू घाल. ज्याच्या हाताला काम होतं त्याला पदक नकोच होतं. माँटेसरींचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात रुजवला, आणि ताराबाईंनी तो पुढे बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेला. तिथली मुलं गाणी म्हणत, गोष्टी सांगत, प्रश्न विचारत मोठी झाली. त्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रातल्या बालशिक्षणानं स्टारच्या वहीला इतक्या सहज घरात घ्यावं, याचं मला वाईट वाटतं.

सर्वांत जास्त जपायला हवं ते अडखळत बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत. "आज एकदाही अडखळला नाही" याला चांदणी देणारे तक्ते मी पाहिले आहेत, आणि ते पाहून माझ्या पोटात गोळा येतो. अडखळणं दिवसागणिक बदलतं. पाहुणे, घाई, उत्साह, अपुरी झोप, एवढ्यानंही ते वाढतं. ज्या गोष्टीवर मुलाचा ताबा नाही तिला चांदणी लावली की चांदणी मिळवायचा एकच खात्रीचा उपाय उरतो, तो म्हणजे कमी बोलणं. अवघड शब्द टाळायचा, वाक्य अर्धवट सोडायचं, "माहीत नाही" म्हणून मोकळं व्हायचं. चौकोन भरतात आणि मूल आटत जातं.

इथे कुणी म्हणेल की सिडनीची लिडकम पद्धत तर कौतुकावरच उभी आहे. ते खरं आहे, आणि ती पद्धत परिणामकारक आहे. पण ती नीट पाहिली पाहिजे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या या पद्धतीत आई किंवा वडील रोज थोडा वेळ मुलाशी खेळत बोलतात, आणि वाक्य न अडखळता आलं की मधूनच हलकेच म्हणतात, "किती मऊ आलं हे." सांगणं वारंवार नसतं, बोलण्याचा ओघ तोडणारं नसतं, आणि चुकांवर बोट अगदी क्वचित. तक्ता त्यातही आहे: त्या दिवशी अडखळणं किती होतं ते दहा अंशांच्या मापावर रोज लिहायचं. पण तो मोठ्या माणसाचा तक्ता आहे. तो थेरपिस्टला दाखवायचा, भिंतीवर लावायचा नाही. आणि २०१५ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी एक निकाल छापला. त्यांनी १९९ मुलांना दोन गटांत विभागलं, एका गटाला लिडकम आणि दुसऱ्याला अडखळण्याबद्दल थेट दाद न देता घरातली घाई आणि दडपण कमी करण्यावर भर देणारी पद्धत. अठरा महिन्यांनी पहिल्या गटातली ७६.५ टक्के आणि दुसऱ्यातली ७१.४ टक्के मुलं अडखळायची थांबली होती, आणि तेवढा फरक निर्णायक मानता येत नाही. म्हणजे जी पद्धत कौतुकाचा डोस मोजून देते आणि जी देत नाही, त्या जवळजवळ एकाच ठिकाणी पोचतात. दोन्हींत समान काय आहे? रोज ठरलेला थोडा वेळ, एक मोठं माणूस, आणि मुलाच्या बोलण्याकडे पुरतं लक्ष. माझा अंदाज असा की गुण तिथे आहे.

यावर सहकारी मला जे सांगतात ते मी हलकं मानत नाही. सरकारी रुग्णालयात रांग लांब असते. आई एसटीनं दोन तालुके ओलांडून येते, आठवड्यातून एकदा, कधी महिन्यातून एकदा. उरलेले दिवस सराव घरीच, आणि तोही आई कामावर असेल तर आजीनं करून घ्यायचा. आजीला "रोज दहा मिनिटं 'क'चे शब्द" सांगून लक्षात राहत नाही. भिंतीवर तक्ता असला की राहतं. मुलगाच आठवण करून देतो, "आजी, चांदणी लावायची ना?" चार्ट नसेल तर सरावच होत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही.

पण मग सरळ तसंच म्हणू. हा तक्ता घराचा आहे, मुलाचा नाही. त्याच्या रकान्यात "नीट बोलला का" नसावं, "आज सराव केला का" असावं. केला, तर खूण. नाही केला, तर रिकामं, आणि रिकाम्याचा जाब आजीआजोबांनी आणि आईवडिलांनी आपसात विचारावा. खूण मुलानं करावी, हवं तर चांदणीच चिकटवावी, पण ती सरावाला बसण्याची चांदणी आहे, उच्चार कसे आले याची नाही. मिळालेली चांदणी कधीही काढून घ्यायची नाही. "मस्ती केलीस, आता दोन स्टार कट" हे ज्या घरात सुरू झालं, तिथे तो शिक्षेचा तक्ता झाला आणि 'क'चा त्याच्याशी काही संबंध उरला नाही. आणि मोबदला चढत न्यायचा नाही. चांदणीवरून चॉकलेट, चॉकलेटवरून कार, कारवरून मॉल, या जिन्यावर एकदा चढलं की मूल दारातच विचारतं, "आज किती देणार?" हे विचारलं गेलं की तक्ता उतरवायची वेळ झाली असं समजावं. एरवीही आवाज वाक्यात सहज यायला लागला की आधी रोजची चांदणी एक दिवसाआड करावी, मग आठवड्याची एक, मग नाही. बहुतेक मुलांना ती गेल्याचं लक्षातही येत नाही.

तक्ता कुठे लावायचा हेही विचार करून ठरवावं. फ्रिजवर नको. आपल्या घरात माणसांचा राबता असतो. काकू येते, शेजारच्या वहिनी येतात, मामा येतो. "दाखव, दाखव काकूला तुझा चार्ट," म्हणून मुलाला पुढे ढकललं जातं, आणि काकूचा मुलगा, जो सगळं स्वच्छ बोलतो, विचारतो, "हा कशाला आहे? मला का नाही?" त्या एका प्रश्नात मुलाला समजतं की आपल्या तोंडात काहीतरी बिघडलेलं आहे आणि ते सगळ्यांना माहीत आहे. कपाटाच्या आतल्या बाजूला लावा, नाहीतर सरावाच्या वहीत ठेवा.

शेवटी ज्या मुलांना तोंडी बोलणं फार उशिरा येणार आहे, कदाचित येणारच नाही, त्यांच्याबद्दल. त्यांच्या आईवडिलांना मी तक्ता लावूच नका असं सांगते, कारण तो केवळ तोंडाच्या आवाजाला चांदणी देतो. मूल हात धरून आईला फ्रिजपाशी नेतं, चित्रावर बोट ठेवतं, नको असेल तेव्हा ताट सरकवतं. या सगळ्याला चौकोनात जागा नसते. मग त्याला कळतं ते एवढंच, की आपण दिवसभर जे सांगतो ते मोजलं जात नाही. त्या भिंतीवर त्याच्या उंचीला चित्रांचा फलक लावा: पाणी, भूक, दुखतंय, बाहेर, पुरे, आजी, नको. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्राला हात लावला की बोलणारं अॅप मराठीतही वापरता येतं. बरेच आईवडील घाबरतात की चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल. तसं होत नाही. आपलं म्हणणं पोचतंय हे कळलं की बहुतेक मुलं जास्त आवाज काढायला लागतात, कमी नाही. आणि फलकावरचं 'नको' हे चित्र खालच्या रांगेत, हात सहज पोचेल असं ठेवा. मुलानं त्यावर बोट ठेवलं की त्या वेळी समोर जे काही चाललं असेल ते खरोखर थांबवा, मग तो सराव का असेना.